गिटार वाजवता न येणाऱ्या माणसाने गिटारच्या ॲम्पला ताकद दिली, लिओ फेंडरची गोष्ट

समजा, गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीसारख्या गावात दिवाळीनंतरच्या मंडईला रात्रीचा ऑर्केस्ट्रा ठरलाय. गिटार वाजवणारा पोरगा रॅकमध्ये बसवलेला प्रीॲम्प घेऊन आलाय. पिन लावली, नॉब फिरवले, प्रीॲम्पची वायर थेट स्पीकरला जोडली, तरी आवाज नावाला. कारण सरळ आहे. प्रीॲम्प गिटारच्या बारीक सिग्नलला वळण देतो. बास, ट्रेबल, खरखर, गोडवा सगळं तिथे ठरतं. पण स्पीकरचा कागदी कोन हलवायची ताकद त्याच्यात नसते. ते काम पॉवर ॲम्पचं.

मग प्रश्न येतो की पॉवर ॲम्प घ्यायचा कोणता? मंडपवाल्याकडचा ट्रान्झिस्टरचा चालेल का व्हॉल्व्हचाच पाहिजे? 50 वॅट पुरतील का 200 लागतील?

या प्रश्नांशी आयुष्यभर झुंजलेला माणूस होता अमेरिकेतला लिओ फेंडर. ज्याच्या नावाची गिटार जगभरातल्या स्टेजवर दिसते, तोच. आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

लिओचा जन्म 10 ऑगस्ट 1909 चा. कॅलिफोर्नियात ॲनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या मधे त्याच्या आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. म्हणजे नागपूर-गोंदियाकडच्या माणसाला ओळखीचंच वातावरण. आठ वर्षांचा असताना डाव्या डोळ्यात गाठ झाली, डोळा काढावा लागला आणि तिथे काचेचा डोळा बसला. पुढे पोराला नाद लागला तो रेडिओचा. त्याच्या एका काकांचं मोटारींच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. तिथे सुट्या भागांतून बनवलेला एक रेडिओ मोठ्याने वाजताना त्याने ऐकला, आणि तो आवाज डोक्यात बसला तो बसलाच.

शिक्षण मात्र झालं हिशेबाचं. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही कोर्स त्याने केला नाही, जे शिकला ते उघडझाप करून. मंदीच्या काळात हिशेबनीसाच्या नोकऱ्या एकामागून एक गेल्या. शेवटी 1938 मध्ये 600 डॉलर उसने घेऊन त्याने फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं.

दुकानात रेडिओ यायचेच, पण बँडवालेही यायला लागले. कार्यक्रमासाठी माईक आणि लाऊडस्पीकरचा संच पाहिजे म्हणून. लिओ ते संच बनवायचा, विकायचा आणि भाड्यानेही द्यायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर तो साउंडवाला होता. त्याच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली इथेच आहे. साउंडवाल्याला एकच गोष्ट हवी असते, आत जे गेलं तेच बाहेर मोठं होऊन यावं, फाटू नये.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी डॉक कॉफमन नावाच्या वादकासोबत त्याने मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटार आणि त्यांचे छोटे ॲम्प बनवायला घेतले. 1946 मध्ये कॉफमन बाजूला झाला आणि लिओने स्वतःच्या नावाने कारखाना चालवला. 1951 च्या सुमाराला टेलिकास्टर गिटार आणि प्रिसिजन बास आले, 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर. यावर आजवर ढीगभर लिहिलं गेलंय. पण लिओचा जीव ॲम्पमध्येही तेवढाच अडकलेला होता. दुरुस्तीवाल्याला उघडून पटकन नीट करता येईल अशी त्यांची रचना असायची, कारण मालक स्वतः दुरुस्तीवाला होता.

आणि मग डिक डेल आला.

डेल हा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा डावखुरा वादक. जाड तारा लावायचा आणि हात तुटेल असा वाजवायचा. बाल्बोआच्या राँदेव्हू बॉलरूममध्ये त्याच्यापुढे हजारोंची गर्दी असायची. लिओ त्याला ॲम्प द्यायचा आणि डेल ते जाळून परत आणायचा. असे चाळिसेक ॲम्प गेले असं सांगतात, आकड्यात थोडं मीठमसाला असेलही. कारखान्यातल्या टेबलावर सगळं ठीक चालायचं, त्यामुळे लिओला नेमकं काय बिघडतंय ते कळेना. शेवटी तो सहकारी फ्रेडी टावारेस याच्यासोबत थेट कार्यक्रमालाच जाऊन उभा राहिला, तेव्हा उलगडा झाला. गर्दीने भरलेलं सभागृह आवाज गिळतं. रिकाम्या खोलीत दणदणीत वाटणारा ॲम्प तिथे धापा टाकतो.

इथे वॅटचं गणित समजून घ्यायला हवं. वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही, फक्त 3 डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. मग जास्त वॅट कशाला? तर राखीव ताकदीसाठी. तारेवर जोरात झटका मारला की क्षणभर सिग्नल कैकपट उसळतो. ती उसळी झेलायची जागा पॉवर ॲम्पमध्ये नसेल तर आवाज फाटतो.

लिओने मग मोठा आउटपुट ट्रान्सफॉर्मर बनवून घेतला. त्यातून साधारण 85 वॅटचा शोमन ॲम्प 1960 च्या आसपास उभा राहिला. तर आता स्पीकर फाटायला लागले! मग जेबीएल कंपनीचे 15 इंची दणकट स्पीकर आले. म्हणजे पॉवर ॲम्प एकटा निवडता येत नाही, त्याच्यापुढचा स्पीकर किती वॅट सोसतो आणि किती ओहमचा आहे हेही बघावं लागतं. व्हॉल्व्हच्या ॲम्पला तर स्पीकर न जोडता चालवलं की ट्रान्सफॉर्मर जळायची भीती. ट्रान्झिस्टरचा ॲम्प याबाबतीत सोशिक, पण लिहिलंय त्यापेक्षा कमी ओहमचा भार टाकला की तोही तापतो.

लिओला स्वच्छ आवाज हवा होता, पण पोरांना फाटलेलाच आवडायला लागला. व्हॉल्व्हचा पॉवर ॲम्प ताकदीच्या टोकाला गेला की एकदम न तुटता हळूहळू दबतो, आणि तो दबलेला आवाज कानाला गोड लागतो. ट्रान्झिस्टरचा तिथे कर्कश होतो. 1962 मध्ये लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात लिओच्याच बासमन ॲम्पच्या सर्किटवरून पहिला मार्शल तयार झाला, आणि रॉकचा तो फाटका आवाज पुढे त्याच वाटेने गेला.

लिओ मात्र तोवर थकला होता. सायनसचा जुना आजार हटत नव्हता, आपण फार जगणार नाही असं त्याला वाटत होतं. जानेवारी 1965 मध्ये त्याने कंपनी सीबीएसला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकली. नंतर डॉक्टर बदलला आणि माणूस बरा झाला! कंपनी मात्र गेलेली. स्वतःच्याच नावावर त्याचा हक्क उरला नव्हता.

सत्तरच्या दशकात तो म्युझिक मॅन या कंपनीत आला. त्यांच्या ॲम्पमध्ये प्रीॲम्प ट्रान्झिस्टरचा आणि पॉवरचा भाग व्हॉल्व्हचा असायचा. दोन कामं वेगळी, तर दोघांचं तंत्रही वेगळं ठेवता येतं हे तिथे उघड दिसत होतं. 1987 मध्ये आलेल्या एडीए एमपी-1 सारख्या रॅक प्रीॲम्पनी तर दोघांची पेटीच वेगळी केली. तेव्हापासून निवड वादकाच्या हातात आली. प्रीॲम्पमध्येच सूर पूर्ण घडत असेल, तर भरपूर वॅटचा साधा ट्रान्झिस्टर पॉवर ॲम्प पुरतो. हलका, स्वस्त, आणि आत आलेलं तसंच बाहेर काढणारा, लिओला हवा होता तसा. पॉवर ॲम्पचा दबलेला गोडवा हवा असेल तर 50 वॅटचा व्हॉल्व्हवाला घ्यायचा, वजन आणि व्हॉल्व्ह बदलायचा खर्च सोसायचा. मंडपवाल्याचा ॲम्प घेतला तरी पुढे गिटारचाच स्पीकर हवा. त्याच्या पूर्ण पट्टीच्या पेटीतून गिटारची खरखर माशीसारखी भणभणते, कारण गिटारचा स्पीकर साधारण 5 हजार हर्ट्झच्या वरचा आवाज गाळून टाकतो. प्रीॲम्पमध्ये ती गाळणी आधीच असेल तर गोष्ट वेगळी.

या काळात लिओ जी अँड एल या आपल्या शेवटच्या कंपनीत गिटार बनवत होता. पार्किन्सन्सने हात थरथरायचे, तरी रोज कामाला यायचा. 21 मार्च 1991 रोजी तो गेला. आदल्या दिवसापर्यंत तो कामावर होता असं सांगतात. गिटार सुरात लावायला मात्र तो शेवटपर्यंत शिकला नाही.