मलिक अंबर : भूमीखालचे पाणी आणि नगराची घडण



मंचरची जुनी दगडी बारव आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बारवेची रचना मोठी विचारपूर्वक केलेली असते. पावसाळ्यात पाणी वर येते तेव्हा आपल्याला दोन-चार पायऱ्याच उतराव्या लागतात; वैशाखात पाणी तळाशी जाते तेव्हा आपणही त्याच्यामागे खाली उतरत जातो. गावाचे पाणी किती उरले, हे दवंडी पिटून सांगावे लागत नाही. उघड्या पडलेल्या पायऱ्या मोजल्या की गृहिणीला आपला हात आखडता घ्यावा लागेल, हे उमगते. ती बारव कोणी बांधली, याचा विचार पाणी भरणाऱ्याच्या मनात क्वचितच येतो. तरीही त्या अज्ञात कारागिराच्या योजनेनुसार कित्येक पिढ्यांची पावले पडली.

आपल्या घराचेही तसेच आहे. मोरी कोठे आहे, खिडकी कोणत्या दिशेला आहे, उंबरठा किती उंच आहे, यावरून घरातील माणसांचे उठणे-बसणे ठरते. बांधणारा निघून जातो. त्याचा निर्णय मात्र भिंतीत राहतो आणि आपल्या नकळत आपल्याला वळण लावत राहतो. हे सत्य ज्यांच्या आयुष्यातून स्पष्ट दिसते, अशा एका पुरुषाचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवीत आहे. त्यांचा आपल्या भागाशी जवळचा संबंध आहे. मंचरहून नारायणगावमार्गे आपण ज्या जुन्नरला जातो, ते जुन्नर 1607 च्या सुमारास काही काळ निजामशाहीची राजधानी होते, आणि त्या राज्याचा कारभार ज्यांच्या हाती होता ते होते मलिक अंबर.

त्यांचा जन्म सुमारे 1548 साली हबशाण म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. बालपणीचे नाव चापू. कोवळ्या वयातच ते गुलामांच्या बाजारात विकले गेले. एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात ते बगदादला पोहोचले. तेथील एका मालकाने त्यांची बुद्धी ओळखली, त्यांना शिक्षण दिले. तेथेच त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि त्यांना अंबर हे नाव मिळाले. वाचकहो, क्षणभर विचार करा. कोणत्या गावी राहावे, कोणाची चाकरी करावी, एवढेही ठरविण्याचा अधिकार ज्याला नव्हता, त्याच माणसाने पुढे एक संपूर्ण नगर कोठे वसावे, त्याचे पाणी कोठून यावे, हे ठरविले.

बगदादहून ते दख्खनमध्ये आणले गेले. अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवे चंगेजखान यांनी त्यांना विकत घेतले. चंगेजखान स्वतः हबशी होते आणि कधीकाळी गुलाम होते. त्यांच्या हाताखाली अंबर यांनी राज्यकारभार व युद्धशास्त्र शिकून घेतले. चंगेजखानांच्या मृत्यूनंतर त्यांच्या विधवा पत्नीने अंबर यांना मुक्त केले. पुढे विजापूरच्या सेवेत असताना त्यांना मलिक हा किताब मिळाला. काही वर्षांनी ते निजामशाहीत परतले.

1600 साली चाँदबीबींच्या मृत्यूनंतर अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती गेला. राज्य बुडाले असेच साऱ्यांना वाटले. मलिक अंबर यांनी मात्र राजघराण्यातील एका तरुणाला परांड्यास मुर्तझा निजामशाह म्हणून गादीवर बसविले आणि बुडते राज्य पुढे पंचवीस वर्षे तारून धरले. मराठा सरदारांना सोबत घेऊन त्यांनी चपळ घोडदळाच्या जोरावर मुघलांच्या जड फौजांना जेरीस आणले. 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मुघल व विजापूर यांच्या एकत्रित फौजेचा त्यांनी पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे भोसले त्यांच्या बाजूने लढले होते.

ते संत नव्हते, राज्यकर्ते होते. सत्तेच्या डावपेचांत राजे बसविणे आणि उठविणे त्यांना वर्ज्य नव्हते. म्हणून त्यांचे प्रत्येक कृत्य अनुकरणीय मानण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या हातून घडलेली दोन कामे अशी आहेत की तलवारींचा आवाज विरल्यानंतरही त्यांनी सामान्य माणसाच्या आयुष्याला आकार दिला.

पहिले काम जमीन महसुलाचे. त्यांनी जमिनीची प्रतवारी लावली आणि पिकाच्या मानाने सारा ठरविला. मक्त्याने वसुली करणाऱ्यांच्या हातून शेतकऱ्याची सुटका करण्याचा प्रयत्न केला. पुढे पुणे प्रांतात दादोजी कोंडदेव यांनी जी व्यवस्था लावली, तिच्यामागे मलिक अंबर यांचीच पद्धत होती, असे इतिहासकार मानतात.

दुसरे काम दगड आणि पाण्याचे. 1610 च्या सुमारास राजधानी जुन्नरहून दौलताबादेस गेली. तेथून जवळच, खाम नदीच्या काठी, खडकी नावाचे छोटेसे गाव होते. मलिक अंबर यांनी तेथे नवे नगर वसविले. 1612 साली त्यांनी तेथे जामा मशीद उभारली. मुघलांवरील विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजाही त्याच वर्षीचा. पण नगर दरवाजांनी जगत नाही, पाण्याने जगते. नदीचे पाणी बारमाही पुरणारे नव्हते. मलिक अंबर यांची दृष्टी उत्तरेकडील टेकड्यांकडे वळली.

टेकड्यांच्या पोटात मुरलेले पाणी पायथ्याशी जमिनीखाली साठते. तेथे भूमिगत दगडी कालवा खोदून त्यात ते झिरपू द्यायचे, कालव्याला किंचित उतार द्यायचा आणि पाणी आपल्याच वजनाने नगरापर्यंत वाहू द्यायचे, ही त्यामागची योजना. मोट नको, रहाट नको, बैल नको. ठरावीक अंतरावर जमिनीपर्यंत येणारी तोंडे ठेवली, म्हणजे आत हवा खेळेल आणि गाळ काढायला माणूस उतरू शकेल. नगरात आल्यावर पाणी भाजक्या मातीच्या नळांतून हौदांपर्यंत, मशिदींपर्यंत, वस्त्यांपर्यंत पोहोचे. मध्ये मध्ये उंच बांधीव खांब होते, त्यांना बंब म्हणत. त्यांत पाणी वर चढून पुन्हा खाली उतरे, त्यामुळे नळातील हवा निघून जाई आणि दाब आवरला जाई. हीच ती प्रसिद्ध नहर-ए-अंबरी. 1617 च्या सुमारास तिचे काम झाले.

या नहरीने माणसांच्या दिनक्रमात काय बदलले असेल, याची कल्पना करा. ज्या वस्तीत हौद भरलेला असतो, तेथील मुलीचा दिवस घागरी वाहण्यात सरत नाही. फजरच्या अंधारात वजूसाठी पाणी शोधत फिरावे लागत नाही. बाहेरगावचा वाटसरू कोणाचे दार न ठोठावता तहान भागवू शकतो, म्हणून त्याला याचना करण्याची लाज वाटत नाही. हे सारे कोणाच्या आज्ञेने घडत नाही. जमिनीच्या उताराने घडते.

याच काळात त्या नगरावर मोठी संकटे आली. 1616 मध्ये मुघल फौजांनी खडकी लुटली व जाळली; 1621 मध्ये पुन्हा तेच घडले. दोन्ही वेळा नगर पुन्हा उभे राहिले. वाडे जाळता येतात, पण जमिनीखालून वाहणारे पाणी जाळता येत नाही. बादशहा जहाँगीर यांना मलिक अंबर यांचा एवढा राग होता, की अंबर यांच्या छाटलेल्या मस्तकावर आपण बाण मारीत आहोत असे चित्र त्यांनी काढवून घेतले. प्रत्यक्षात ते मस्तक त्यांच्या हाती कधीच लागले नाही.

14 मे 1626 रोजी, ऐंशीच्या घरात पोहोचलेले मलिक अंबर अल्लाहच्या दरबारी रुजू झाले. खुलताबाद येथे त्यांची कबर आहे. त्यांच्या निधनानंतर मुघलांच्याच इतिहासकाराने, मोतमदखानाने, त्यांच्या योग्यतेची प्रशंसा लिहून ठेवली. नगराचे नाव मात्र बदलत गेले. खडकीचे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद झाले, आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलत असताना नहरीचे पाणी शतकानुशतके वाहत राहिले. आज तिची अनेक तोंडे बुजली आहेत, कोठे वरून बांधकामे झाली आहेत, नळ फुटले आहेत. तो दोष मलिक अंबर यांचा नाही. आयते पाणी प्यायलेल्या वारसांचा आहे.

वाचकहो, मदीनेत गोड्या पाण्याची रूमा नावाची विहीर होती आणि तिचे पाणी विकले जात असे. हजरत उस्मान (र.) यांनी ती विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, हे आपण जाणता. माणसाच्या मृत्यूनंतरही ज्याचे पुण्य थांबत नाही, त्या सदका-ए-जारियाचे ते उदाहरण आपण मुलांना सांगतो. पण सदका-ए-जारिया म्हणजे केवळ पैसा नव्हे. विहीर कोठे असावी, तिच्यापर्यंत कोणाला पोहोचता यावे, याचा विचारही त्यातच येतो.

आपल्यापैकी फार थोडे जण नगर वसवतील. पण घर अनेक जण बांधतील, आणि मशिदीच्या दुरुस्तीच्या बैठकीत आपल्यापैकी कित्येक जण बसतील. त्या वेळी मिनार किती उंच असावा, यावर तासभर चर्चा होते. वजूखान्याच्या निसरड्या पायरीवर क्वचितच कोणी बोलतो. तेथे गुडघे दुखणाऱ्या वृद्धाला बसायला ओटा आहे काय? स्त्रियांना वजू करायला आडोसा आहे काय? वजूचे वाहून जाणारे पाणी गटारात जाते की एखाद्या झाडाच्या मुळाशी? आपल्या नव्या भिंतीमुळे शेजाऱ्याच्या घरातील उजेड तर जात नाही ना? आज जे ठरेल, त्यानुसार आपली नातवंडे पन्नास वर्षे वावरतील, आणि हे कोणी ठरवले होते हे त्यांना ठाऊकही नसेल.

पुढच्या बैठकीला जाण्यापूर्वी एकदा मशिदीच्या पायऱ्या एखाद्या वृद्धाचा हात धरून चढा. काय बदलायला हवे, ते नकाशापेक्षा तो हातच अधिक चांगले सांगेल.

अल्लाह आपणा सर्वांना अशी कामे करण्याची तौफीक देवो, ज्यांचा लाभ आपले नाव विसरल्यानंतरही लोकांना होत राहील. आमीन.