वाकवलेला चमचा, चांदीची तार आणि अनार्का : डॉ. सिम्सची गोष्ट

कुठल्याही हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात जा, ट्रेमध्ये दोन्ही टोकांना वाकवलेलं स्टीलचं एक अवजार दिसेल. त्याचं नाव सिम्स स्पेक्युलम. आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या प्रत्येकाला हे नाव पाठ असतं. हा सिम्स म्हणजे जेम्स मेरियन सिम्स. अमेरिकेत त्याला आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हटलं गेलं आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून त्याचाच पुतळा हटवला गेला.

असं का झालं?

सिम्स १८१३ साली साउथ कॅरोलायनात जन्मला. १८३५ मध्ये डॉक्टर होऊन गावी आला, पण पहिले दोन पेशंट, दोन्ही तान्ही बाळं, दगावली. त्याने दवाखान्याची पाटी काढून विहिरीत टाकली आणि थेट अलाबामा गाठलं. पुढे माँटगोमेरी शहरात जम बसला. गंमत म्हणजे, बायकांचे आजार तपासायला त्याला मुळीच आवडत नसे.

१८४५ मध्ये त्याला एका मळ्यावर बोलावलं गेलं. १७ वर्षांची अनार्का तीन दिवस कळा देत होती. ती गुलाम होती. बाळंतपणानंतर काही दिवसांतच तिची लघवी आपोआप गळू लागली.

याला फिस्टुला म्हणतात. बाळ अडकलं की त्याचं डोकं आणि आईच्या कंबरेचं हाड यांच्यात मूत्राशय दाबलं जातं. तिथला रक्तपुरवठा थांबतो, मांस मरतं आणि मूत्राशय व योनीमार्ग यांच्यामध्ये भोक पडतं. मग लघवी रात्रंदिवस थेंब थेंब गळते. कातडी सोलवटते, वास येतो, माणसं दूर बसतात. तेव्हा यावर खात्रीचा इलाज नव्हता.

दुसऱ्याच एका बाईला तपासताना सिम्सला कल्पना सुचली. त्याने चमचा वाकवला आणि बेट्सी नावाच्या गुलाम बाईला त्याने तपासलं. भोक स्वच्छ दिसलं. आजच्या स्पेक्युलमचं मूळ हेच.

मग त्याने घरामागे छोटं हॉस्पिटल बांधलं आणि मालकांकडून अशा बायका मागून आणल्या. मालक तयार झाले, कारण आजारी गुलाम बाई म्हणजे त्यांच्या लेखी बुडालेला पैसा. बायकाही राजी होत्या, असं सिम्सने पुढे लिहिलं. त्या स्वतः बऱ्या व्हायला आतुर असतीलही. पण जिला नाही म्हणायचा हक्कच नाही, तिच्या होकाराला होकार कसं म्हणायचं?

पहिली लुसी. भूल न देता तासभर ऑपरेशन चाललं. लघवी शोषायला आत स्पंज ठेवला, त्यातून विषबाधा झाली आणि ती मरता मरता वाचली. १८४६ मध्ये बॉस्टनमध्ये ईथरची भूल जगासमोर आली, तरी माँटगोमेरीतली ऑपरेशनं तशीच चालू राहिली. काळ्या माणसांना वेदना कमी होतात, असं तेव्हा अनेक गोरे डॉक्टर मानत.

अपयश येत गेलं तसे मदतीला येणारे डॉक्टर पांगले. मग सिम्सने या बायकांनाच मदतनीस म्हणून तयार केलं. आज एकीने टेबलावर झोपायचं, दुसरीने तिला धरायचं. उद्या उलट.

अडचण टाक्यांची होती. रेशमी धाग्याने जखम चिघळायची. शेवटी सिम्सने चांदीची बारीक तार वापरली. १८४९ मध्ये अनार्काचं भोक बुजलं. ते तिचं तिसावं ऑपरेशन होतं.

१८५२ मध्ये त्याने ही पद्धत छापली. १८५५ मध्ये न्यूयॉर्कला बायकांसाठी हॉस्पिटल उघडलं. युरोपात फ्रान्सची सम्राज्ञी युजेनीही त्याची पेशंट झाली. १८७६ मध्ये तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा अध्यक्ष झाला, १८८३ मध्ये वारला. पुतळा १८९४ मध्ये उभा राहिला.

फिस्टुला आजही गरीब देशांत, जिथे अडलेल्या बाईला वेळेत सिझेरियन मिळत नाही तिथे होतो. आपल्याकडे गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशननंतरही कधी कधी होतो. लवकर लक्षात आला, भोक लहान असलं, तर काही आठवडे कॅथेटर ठेवूनही तो भरू शकतो. नाहीतर ऑपरेशन करावं लागतं, अर्थात भूल देऊन.

माँटगोमेरीत २०२१ मध्ये अनार्का, लुसी आणि बेट्सी यांची शिल्पं उभी राहिली. सिम्सच्या त्या हॉस्पिटलात आणखीही बायका होत्या. त्यांची नावं त्याने लिहून ठेवली नाहीत.