अणुझोताचा जनक ऑटो स्टर्न

पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात दरीतून वर येणारे धुके तुम्ही पाहिलेच असेल. कोकणातील दमट हवा डोंगर चढते, वरच्या कमी दाबात प्रसरण पावते, थंड होते आणि तिच्यातील वाफेचे सूक्ष्म थेंब बनतात. प्रयोगशाळेतही हेच करता येते. दाबाखालचा वायू बारीक छिद्रातून निर्वात पात्रात सोडला की तो शून्याखाली अडीचशे अंशांहूनही थंड होतो. अणू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनतात व त्यांचा झोत सरळ रेषेत धावतो. ही विद्या १९५० नंतरची; पण तिचा पाया ऑटो स्टर्न यांनी घातला.

स्टर्न यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८८८ रोजी एका ज्यू कुटुंबात झाला. १९१२ साली डॉक्टरेट मिळवून ते आइन्स्टाइन यांच्याकडे शिकावयास गेले. पुढे फ्रँकफुर्ट येथे त्यांनी निर्वात नळीत चांदी तापवून तिच्या अणूंचा झोत काढला व अणूंचा वेग मोजला. महायुद्धानंतरच्या त्या दिवसांत पैशाची फार ओढाताण होती. तेव्हा विभागप्रमुख मॅक्स बॉर्न यांनी सापेक्षतावादावर तिकीट लावून व्याख्याने दिली आणि तो पैसा प्रयोगांकडे वळविला. १९२२ मध्ये गेरलाख यांच्यासह स्टर्न यांनी चुंबकाच्या साहाय्याने हा झोत दुभंगून दाखविला. अणूच्या जगाचे नियम वेगळे आहेत, याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा होता.

१९३३ साली हिटलरच्या राजवटीने हॅम्बुर्ग येथील त्यांच्या ज्यू सहकाऱ्यांना नोकरीवरून काढले. दहा वर्षे खपून उभारलेली प्रयोगशाळा सोडून स्टर्न यांनी स्वतःच राजीनामा दिला व ते अमेरिकेत गेले. तेथे पूर्वीसारखी साधने व माणसे त्यांना पुन्हा लाभली नाहीत. १९४३ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, ते मुख्यतः जर्मनीतील कामाबद्दल. १७ ऑगस्ट १९६९ रोजी बर्कले येथे त्यांचे निधन झाले.

पालकहो, तिकिटाच्या पैशांवर चाललेल्या प्रयोगांतून एक नवे शास्त्र उभे राहिले, आणि धर्म पाहून माणसे हाकलणारा देश त्या शास्त्राला मुकला. मुलांना शिकवा, प्रयोगाला हात घालू द्या. आणि मुलांनो, पुढचा पाऊस आला की घाटातले धुके जरा निराळ्या नजरेने पाहा.