खांद्याचे डॉक्टर कॉडमन

आमचा जिल्हा बीड. दिवाळीच्या सुमारास गावं रिकामी होतात, कोयता घेऊन टोळ्या ऊसतोडीला निघतात. उसाची मोळी डोक्यावर घ्यायची नि फळीवरून ट्रकवर चढायचं, दिवसभर हेच. आमच्या गल्लीतल्या एका काकांचा हात वर जाईना, तेव्हा 'रोटेटर कफ' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मग शोधताना भेटले बोस्टनचे डॉ. अर्नेस्ट कॉडमन (१८६९–१९४०).

खांदा म्हणजे छोट्या बशीवर ठेवलेला मोठा चेंडू. चार स्नायू तो जागेवर धरतात. त्यांच्या कंडरा, म्हणजे टेंडन, दंडाच्या हाडाच्या डोक्याला शर्टाच्या कफासारख्या वेढून चिकटतात. बहुतेक वेळा फाटते ती वरची, सुप्रास्पायनेटस. तीही हाडाला चिकटते त्याच्या आसपास. आपल्या भाषेत, जॉइंट फेल्युअर! कंडरेची ताठरता साधारण २०० मेगापास्कल, हाडाची २० गिगापास्कल. शंभरपट फरक! निसर्गाने मध्ये कूर्चेचे दोन थर घातलेत, एक मऊ, एक कॅल्शियमने कडक झालेला. एवढं डिझाइन आपल्या वेल्डिंगला कुठलं जमायला? सर्जनलाही जमत नाही. शिवलेल्या जागी व्रण भरतो, ते थर पुन्हा तसे तयार होत नाहीत. म्हणून आज दुर्बिणीतून हाडात अँकर बसवून शिवलेली कंडराही कधीकधी पुन्हा फाटते.

कॉडमननी १९०९ मध्ये दोन रुग्णांच्या अशा कंडरा शिवल्या आणि १९११ साली ते प्रसिद्ध केलं. पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. प्रत्येक रुग्णाला वर्षभराने पुन्हा बोलावून हात उठतो का, हे बघायचं आणि चुकलं असेल तर तसं लिहायचं. मला हे ऑपरेशनपेक्षा मोठं वाटतं. टाके काढताना सगळंच छान दिसतं हो, पुढच्या हंगामात मोळी उचलता येते का, ते कोण विचारतं?

मोठ्या डॉक्टरांना हे रुचलं नाही. १९१४ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा राजीनामा दिला. १९१५ च्या एका सभेत तर त्यांनी वाळूत डोकं खुपसून सोन्याची अंडी घालणाऱ्या शहामृगाचं व्यंगचित्रच लावलं! हार्वर्डची नोकरी गेली. स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलात मात्र १९११ ते १९१६ मधल्या ३३७ रुग्णांमागे १२३ चुका त्यांनी स्वतःच छापल्या. पुढे तेही बंद पडलं.

१९३४ साली त्यांनी खांद्यावरचा ग्रंथ स्वखर्चाने काढला. वाकून हात लोंबता सोडायचा नि झुलवायचा, हा फिजिओथेरपीतला व्यायाम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांच्या थडग्यावर मात्र नावाचा दगड नव्हता. तो बसला २०१४ साली.