सय्यदा सलमे: धर्म बदलला आणि झांझिबारचं दार कायमचं बंद झालं

१८४४ मध्ये झांझिबारच्या सुलतानाच्या घरी सलमेचा जन्म झाला. राजवाड्यात मुलींना वाचायला शिकवत, लिहायला नाही. ती लपूनछपून लिहायला शिकली. १८५९ मध्ये भाऊ बरघशनं सुलतान माजिदविरुद्ध बंड केलं, तेव्हा कटाची पत्रं तिनंच लिहिली. बंड फसलं. बरघशला मुंबईला हद्दपार करण्यात आलं.

पुढे हाइनरिश रूटे या जर्मन व्यापाऱ्यावर तिचं प्रेम जडलं. ती गरोदर राहिली. ख्रिश्चन पुरुषाशी संबंध म्हणजे जिवाला धोका. निर्वासितांसाठीचा जागतिक करार व्हायला अजून ८५ वर्षं होती. तिला वाचवलं ते ओळखीच्या माणसांनी. १८६६ मध्ये ब्रिटिश युद्धनौकेतून ती एडनला निसटली. १८६७ मध्ये तिथे बाप्तिस्मा घेऊन ती एमिली झाली आणि त्याच दिवशी तिनं लग्न केलं. मग हॅम्बुर्ग.

१८७० मध्ये ट्रामच्या अपघातात पती गेला. पदरात तीन लहान मुलं. त्याच वर्षी बरघश सुलतान झाला. १८८५ मध्ये ती वारसाहक्क मागायला झांझिबारला गेली. जिनं त्याच्यासाठी पत्रं लिहिली, त्या बहिणीला बरघशनं भेटही नाकारली.

१८८६ मध्ये तिच्या आठवणींचं पुस्तक जर्मनीत छापलं गेलं. १९२४ मध्ये जर्मनीतच तिचं निधन झालं.