ॲबी लॅथ्रॉप

ॲबी ई. सी. लॅथ्रॉप (जन्म : इ.स. १८६८, इलिनॉय, मृत्यू : इ.स. १९१८) या अमेरिकेतील मूषकपालक आणि कर्करोग-संशोधक होत्या. छंद म्हणून पाळल्या जाणाऱ्या रंगीत उंदरांची पैदास करून विकणे हा त्यांचा मूळ व्यवसाय होता. पुढे याच उंदरांवर आनुवंशिकी आणि कर्करोग यांविषयीचे महत्त्वाचे संशोधन झाले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या उंदरांच्या अनेक वाणांचे मूळ त्यांच्या गोठ्यापर्यंत पोहोचते.

प्रारंभिक जीवन

लॅथ्रॉप यांचे आई-वडील दोघेही शिक्षक होते व मूळचे मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रॅनबी या गावचे होते. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत ॲबी यांचे शिक्षण घरीच झाले. त्यानंतर दोन वर्षे विद्यालयात शिकून त्यांनी अध्यापनाचे प्रमाणपत्र मिळवले आणि काही वर्षे शाळेत शिकवले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. घातक पांडुरोग (पर्निशियस ॲनिमिया) या विकारामुळे त्यांना अध्यापन सोडावे लागले. इ.स. १९०० च्या सुमारास त्या ग्रॅनबी येथे स्थायिक झाल्या. उपजीविकेसाठी त्यांनी प्रथम कुक्कुटपालन करून पाहिले, परंतु ते साधले नाही.

मूषकपालन

त्या काळी इंग्लंड व अमेरिकेत रंगीत उंदीर पाळण्याची हौस रुजली होती. इंग्लंडमध्ये इ.स. १८९५ मध्ये या हौशी पालकांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली होती. लॅथ्रॉप यांनी सुरुवात केली ती नाचऱ्या उंदरांच्या एका जोडीपासून. अंतर्कर्णातील जन्मजात दोषामुळे हे उंदीर स्वतःभोवती गिरक्या घेत राहतात. एका जोडीचा हा पसारा पुढे दहा हजारांहून अधिक उंदरांपर्यंत वाढला. त्याखेरीज गिनीपिग, ससे, फेरेट व मोठे उंदीरही त्यांच्याकडे असत.

उंदीर लाकडी पेट्यांत गवताच्या अंथरुणावर ठेवले जात. ओट आणि क्रॅकर बिस्किटे हा त्यांचा आहार होता. पेट्या स्वच्छ करण्यासाठी गावातील मुलांना ताशी सात सेंट मजुरी दिली जाई.

उंदीर हा कळपात राहणारा प्राणी आहे. एकटा ठेवलेला उंदीर खुलत नाही. माद्या लहान गटात सलोख्याने राहतात, एकाच घरट्यात विततात आणि एकमेकींच्या पिलांनाही दूध पाजतात. वयात आलेले नर मात्र एकत्र ठेवल्यास जीवघेणी झुंज देतात. म्हणून एका नरासोबत थोड्या माद्या ठेवण्याची पद्धत रूढ आहे. गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो आणि पिले सहा-सात आठवड्यांची होताच प्रजननक्षम होतात. त्यामुळे नर-मादी वेळेवर वेगळे केले नाहीत, तर गटांची सरमिसळ होऊन कोणते पिलू कोणाचे हे सांगता येत नाही. लॅथ्रॉप यांनी आपल्या उंदरांची घराणी वेगवेगळी राखली व त्यांच्या नोंदी वह्यांमध्ये लिहून ठेवल्या. त्यांच्या पुढील संशोधनाचा पाया या वह्यांनीच घातला.

प्रयोगशाळांशी संबंध

इ.स. १९०२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील विल्यम कॅसल यांनी आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी लॅथ्रॉप यांच्याकडून उंदीर मागवले. मेंडेलचे दुर्लक्षित नियम इ.स. १९०० मध्ये पुन्हा प्रकाशात आले होते आणि ते सस्तन प्राण्यांना लागू पडतात का, हे तपासण्यासाठी झपाट्याने वाढणारा लहान प्राणी हवा होता. हळूहळू हौशी ग्राहकांपेक्षा प्रयोगशाळांचीच मागणी वाढत गेली.

कर्करोग-संशोधन

इ.स. १९०८ च्या सुमारास काही उंदरांच्या अंगावर गाठी व व्रण दिसू लागले. रोगट जनावरे गुपचूप नष्ट करणे व्यापाराच्या दृष्टीने सोयीचे होते. लॅथ्रॉप यांनी मात्र त्यांचे नमुने शास्त्रज्ञांकडे पाठवले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ लिओ लोब यांनी त्या गाठी कर्करोगाच्या असल्याचे ओळखले. यातून दोघांचे दीर्घ सहकार्य सुरू झाले. प्रयोगांचे बरेचसे काम ग्रॅनबी येथेच होई.

उंदरांच्या काही घराण्यांत स्तनांचा कर्करोग वारंवार आढळतो, तर काहींत क्वचितच, आणि हे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशी टिकून राहते, असे त्यांना दिसले. अंडाशय काढलेल्या माद्यांत या कर्करोगाचे प्रमाण घटते, हेही त्यांनी दाखवले. आनुवंशिकता आणि शरीरातील अंतःस्राव या दोहोंचा या रोगाशी असलेला संबंध त्यातून पुढे आला. इ.स. १९१३ ते १९१९ या काळात त्यांचे दहा शोधनिबंध प्रसिद्ध झाले. लॅथ्रॉप यांचे नाव त्यांवर सहलेखिका म्हणून आहे. पदवी नसलेल्या स्त्रीच्या बाबतीत त्या काळी ही गोष्ट दुर्मिळ होती.

मृत्यू

ज्या विकाराने त्यांची शिक्षकी सोडवली, त्याच विकाराने इ.स. १९१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी या विकारावर प्रभावी उपचार नव्हता. आहारात यकृत दिल्याने रुग्ण सुधारतात, हे मायनॉट व मर्फी यांनी इ.स. १९२६ मध्ये दाखवले.

वारसा

कॅसल यांचे विद्यार्थी क्लॅरेन्स कुक लिटल यांनी इ.स. १९२१ मध्ये लॅथ्रॉप यांच्या उंदरांपासून आलेल्या ५७ क्रमांकाच्या मादीची संतती निवडून सी५७ब्लॅक हा काळा वाण सिद्ध केला. लिटल यांनी इ.स. १९२९ मध्ये बार हार्बर येथे स्थापन केलेल्या जॅक्सन प्रयोगशाळेतून त्याचा जगभर प्रसार झाला. इ.स. २००२ मध्ये उंदराच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला, तो याच वाणाचा होता. लॅथ्रॉप यांच्या नोंदवह्या जॅक्सन प्रयोगशाळेत जतन केलेल्या आहेत.