परक्या देशातले घर : लाफ्कादिओ हर्न

परदेशी गेलेल्या माणसांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. कोणी पैसा मिळवतो, कोणी पदवी घेऊन परततो. लाफ्कादिओ हर्न हा लेखक मात्र जपानला गेला आणि तिथल्या साध्यासुध्या जगण्यातच रमला.

१८५० साली लेफ्कादा या ग्रीक बेटावर त्याचा जन्म झाला. आई ग्रीक, वडील ब्रिटिश लष्करातले आयरिश डॉक्टर. दोन वर्षांचा असताना तो डब्लिनला आला. पुढे आई मायदेशी परतली, वडिलांनी दुसरे लग्न केले. वडिलांच्या मावशीने त्याला सांभाळले. सोळाव्या वर्षी शाळेत खेळताना डावा डोळा कायमचा गेला. एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे आज माझे जे वय आहे त्या वयात, त्याला एकट्याला अमेरिकेत धाडण्यात आले. सिनसिनाटी शहरात त्याने उपासमार सोसली. एका मुद्रकाने आसरा दिला आणि पुढे तो वृत्तपत्रात लिहू लागला.

४ एप्रिल १८९० रोजी हर्न योकोहामा बंदरात उतरला. अमेरिकन प्रकाशकासाठी लिहायला आलेल्या हर्नचे त्याच्याशी लवकरच बिनसले. मग मात्सुए या लहान गावी त्याला इंग्रजीच्या शिक्षकाची नोकरी मिळाली. तिथे पहाटे तांदूळ कांडण्याच्या आवाजाने त्याला जाग येई. पुलावरून जाणाऱ्या लोकांच्या लाकडी पादत्राणांचा खडखडाट तो कान देऊन ऐके. शिंजी सरोवरावरचा सूर्यास्त, बागेतले बेडूक, पिंजऱ्यात पाळलेले गाणारे किडे, अशा गोष्टींत त्याला अपार आनंद वाटे. घरी तो किमोनो घाली आणि चटईवर बसे. पुढे टोकियोला राहत असताना सुट्टीत तो मुलांना घेऊन याइझु या कोळ्यांच्या गावी जाई, एका मासेवाल्याच्या माडीवर मुक्काम करी आणि खवळलेल्या समुद्रात मनसोक्त पोहे.

मात्सुएतच त्याला सेत्सु भेटली. ती एका गरिबीत आलेल्या सामुराई घराण्यातली मुलगी. तिची शाळा लहानपणीच सुटली होती. हर्नला जपानी ग्रंथ धडपणे वाचता येत नसत आणि तिला इंग्रजी येत नसे. दोघांनी मोडक्यातोडक्या जपानीतून आपली एक भाषाच तयार केली. रात्री दिव्याची वात बारीक करून ती त्याला भुताखेतांच्या जुन्या कथा सांगे. पुस्तकातून वाचून दाखवलेले त्याला चालत नसे, तिने स्वतःच्या शब्दांत सांगावे असा त्याचा हट्ट असे. त्या कथांतूनच १९०४ साली प्रसिद्ध झालेले त्याचे ‘क्वाइदान’ हे पुस्तक उभे राहिले. बायकोमुलांचे हक्क शाबूत राहावेत म्हणून १८९६ साली त्याने जपानी नागरिकत्व घेतले आणि पत्नीचे आडनाव लावून तो कोइझुमी याकुमो झाला. टोकियोच्या विद्यापीठात त्याने इंग्रजी साहित्य शिकवले. २६ सप्टेंबर १९०४ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, हृदयविकाराने त्याचे निधन झाले. मात्सुएतले त्याचे घर जपानी लोकांनी आजही जपून ठेवले आहे.

हे चरित्र वाचताना मला राहून राहून माझी आजी आठवली. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वसतिगृहात राहायला आल्यावर घरचे बोलणे, जात्यावरच्या ओव्या, आजीच्या गोष्टी हे सारे मला गावंढळ वाटू लागले होते. मित्रांसमोर त्यांचा विषयही मी टाळत असे. एका विद्यापीठाचा अध्यापक जे शाळा सुटलेल्या बायकोपुढे बसून शिकला, ते मी शिकण्याआधीच टाकून देत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर मी वही घेऊन आजीजवळ बसलो. कॉलेजात आता हेही विचारतात का, असे म्हणून ती हसली. मग हातातली सुपली बाजूला ठेवून तिने गोष्ट सांगायला सुरुवात केली. आतापर्यंत सात उतरून झाल्या आहेत.